झुकिनी, दुधी, लाल भोपळा: पास्त्याच्या ताटात कोणाचं काय काम

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "मुलांना दर शनिवारी पास्ता हवा असतो. मिस्टरांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. व्हिडिओत बघून मॉलमधून झुकिनी आणली, तिच्या नूडल्स केल्या, तर ताटात नुसतं पाणी झालं आणि थोड्या वेळात सगळ्यांना परत भूक लागली. दुधीचं असं काही जमेल का? तो स्पॅगेटी स्क्वॉश आपल्याकडे मिळतो का? आणि मुळात पास्ता इतका वाईट आहे का?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि स्वयंपाकाचे वर्गही घेते. पास्ता बंद करून झुकिनीवर आलेली आणि महिन्याभरात कंटाळून पुन्हा पूर्ण पास्त्यावर गेलेली बरीच घरं मी पाहिली आहेत. त्यामुळे काय सोडायचं यापेक्षा काय ठेवायचं, यावर जास्त बोलणार आहे.

पास्ता वाईट नाही. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच ड्युरम जातीचा. हा रवा घट्ट भिजवून, साच्यातून दाबून, वाळवून पास्ता करतात. त्यामुळे त्यातलं पिष्ट गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या, म्हणजे ग्लुटेनच्या, जाळ्यात अडकून राहतं आणि पोटात गेल्यावर हळू पचतं. पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते याचा आकडा, ७५ च्या आसपास, तर नीट शिजवलेल्या पास्त्याचा ५० च्या आसपास असतो. 'नीट' म्हणजे चावताना मध्ये किंचित कणी लागेल इतपतच. बोटाने चेपेल इतका मऊ केला की हा फायदा बराचसा जातो. पाकिटावर मागे बघा. 'ड्युरम व्हीट सेमोलिना' लिहिलेलं असेल तर घ्या, पहिलाच घटक मैदा असेल तर परत ठेवा.

अडचण होते ती प्रमाणाने. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण ३५० ते ३६० कॅलरी, ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदकं आणि १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात. चार जणांच्या घरात अर्ध्या किलोचं पाकीट एका वेळी संपतं. म्हणजे माणशी १२५ ग्रॅम, जवळपास ९० ग्रॅम कर्बोदकं. २५ ग्रॅम कणकेच्या लहान पोळीत ती १७-१८ ग्रॅम असतात. हिशोब केलात तर पाच पोळ्या झाल्या, आणि पोळ्यांबरोबर भाजी, आमटी, कोशिंबीर असते, पास्त्याच्या रात्री यातलं काहीच नसतं. वर मैदा-लोण्याचा पांढरा सॉस आणि चीज. मिस्टरांची साखर चढते ती या सगळ्या ताटाने.

आता दुसरी बाजू. १०० ग्रॅम झुकिनीत १७ कॅलरी आणि ३ ग्रॅम कर्बोदकं. दुधी जवळपास तसाच. लाल भोपळ्यात थोडी जास्त, २५-२६ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम कर्बोदकं. आकडे बघून मोह होतो की पास्ता पूर्ण काढून ताटभर झुकिनीच घ्यावी. पण या सगळ्या भाज्यांत प्रथिनं १०० ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम. पास्ता काढलात तेव्हा त्याच्याबरोबर प्रथिनंही ताटातून गेली आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. तुम्हाला लगेच भूक लागली ती याचमुळे. २०० ग्रॅम झुकिनी आणि पळीभर टोमॅटो सॉस म्हणजे जेवण होत नाही, जेवणातली भाजी होते. मुलांनी रात्री दहाला बिस्किटांचा डबा उघडला तर त्यांची चूक नाही.

म्हणून मी निम्मं-निम्मं सांगते. मोठ्या माणसाला ४० ग्रॅम कोरडा पास्ता (शिजून साधारण ९० ते १०० ग्रॅम होतो), १५० ते २०० ग्रॅम दुधी किंवा झुकिनी, आणि प्रथिनांचा एक भरीव पदार्थ: मसूर, पनीर, अंडी, कोलंबी, चिकन, जे तुमच्या घरात चालतं ते. ताट भरलेलं दिसतं, काट्याला पास्ता लागतो, कर्बोदकं ९० वरून ३५-४० वर येतात. मसूर घेतलात तर त्याची कर्बोदकं यात १५-२० ग्रॅमने वाढतील, पण ती तंतूंसकट येतात आणि सावकाश पचतात. मिस्टरांसाठी पास्ता ३० ग्रॅमवर आणा, भाजी वाढवा. वाढत्या वयाच्या, खेळणाऱ्या मुलांच्या ताटातला पास्ता मात्र इतका कापू नका. त्यांना भाजी मिसळून ५०-६० ग्रॅम द्या. घरात एकाला मधुमेह आहे म्हणून मुलांनी कमी खायचं, असं नको.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारमार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाला २००० कॅलरींच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या, २५० ग्रॅम धान्यं आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं धान्य ठरल्यापेक्षा जास्त आणि भाजी निम्मीसुद्धा नसते. शनिवारच्या एका ताटात २०० ग्रॅम भाजी बिनतक्रार जात असेल, तर पास्त्याचे आभारच मानायला हवेत.

आता पाण्याचं. झुकिनी आणि दुधी दोन्हींत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते पेशींच्या आत बंद असतं. मीठ लागलं किंवा उष्णता लागली की बाहेर येतं, आणि ते कुठेतरी येणारच. तुम्हाला एवढंच ठरवायचं आहे की ते ताटात यायचं की आधी चाळणीखालच्या पातेल्यात.

झुकिनी मध्यम घ्या, दीडशे-दोनशे ग्रॅमची एक. मोठी झाली की आत बिया आणि कापसासारखा गर असतो, तो सगळ्यात जास्त पाणी सोडतो. साल काढू नका, पट्टी धरून राहते ती सालीमुळे. स्पायरलायझर, म्हणजे भाजीच्या नूडल्स काढायचं यंत्र, विकत घ्यायची गरज नाही. बटाटे सोलायच्या सोलाण्याने लांब पट्ट्या काढत चला, झुकिनी फिरवत राहा, बियांचा भाग लागला की थांबा. मधला दांडा आमटीत किंवा थालीपिठात घाला. अर्धा किलो पट्ट्यांना अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत १५-२० मिनिटं ठेवा. मग एकदा पटकन पाण्याखाली धरा म्हणजे जास्तीचं मीठ जाईल, आणि स्वच्छ पंचात घेऊन हलक्या हाताने पिळा. अर्धी वाटी पाणी सहज निघतं. रक्तदाब असणाऱ्यांच्या घरी धुण्याची पायरी चुकवू नका आणि सॉसमध्ये मीठ शेवटी, चव बघूनच घाला.

पुढची पायरी कढईची. लोखंडी कढई किंवा मोठा तवा चांगला तापवा. आच मोठी, एक चमचा तेल, आणि पट्ट्या एकाच वेळी सगळ्या ओतू नका, दोन घाण्यांत परता. गर्दी झाली की भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच वाफेत शिजते आणि मऊ पडते. झुकिनीला दीड-दोन मिनिटं पुरतात. झाकण अजिबात नको. आपल्या हाताला सवय असते, भाजी टाकली की झाकण ठेवायची आणि वर पाणी घालायचं, ती इथे आवरायची. परतलेल्या पट्ट्या ताटलीत पसरून ठेवा आणि सगळे जेवायला बसले की मगच सॉसमध्ये घाला.

दुधीबद्दल तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला, कारण आपल्या भागात माझी पहिली पसंती दुधीलाच आहे. झुकिनी पुणे-नाशिककडून येते, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये परदेशी भाज्यांबरोबर मिळते, पण घाऊक बाजारातून किरकोळ दुकानात येईपर्यंत तिचा भाव दुधीच्या कितीतरी पट होतो आणि पावसाळ्यात ती दोन दिवसांत बुळबुळीत होते. दुधी ऐरोलीत तुमच्या दाराशी येतो, ठाण्याला जांभळी नाक्यावर ढिगाने असतो. शिवाय पट्टी म्हणून तो झुकिनीपेक्षा टणक राहतो. एकच पथ्य: कोवळा हवा. नख रुतलं पाहिजे, सालीवर बारीक लव असावी, आकार सरळ, वजन अर्ध्या किलोच्या आत. असा दुधी सोलून त्याच्या पट्ट्या काढा. झुकिनीसारखंच मीठ लावून पिळा, पण परतायला तीन-चार मिनिटं द्या, म्हणजे कच्चा वास जातो. तेलात आधी ठेचलेला लसूण घातलात तर दुधी ओळखूच येत नाही. मुलांना दुधी आवडत नसेल तर लसणात कंजुषी करू नका.

इथे एक गोष्ट पूर्ण गांभीर्याने सांगायची आहे. कापल्यावर दुधीचा किंवा झुकिनीचा छोटा तुकडा कच्चा चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खी भाजी फेका. कडू भाग कापून उरलेला वापरायचा नाही, शिजवल्यावर जाईल अशी आशा धरायची नाही. या कुळातल्या भाज्यांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात. ती शिजवून नष्ट होत नाहीत आणि त्यांनी उलट्या, रक्ती जुलाब, रक्तदाब एकदम खाली जाणं इथपर्यंत वेळ येते. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि कडू रस पिऊ नये, असंच तिचंही सांगणं होतं. जर्मनीत २०१५ साली बागेत पिकवलेली कडू झुकिनी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. गच्चीत वेल लावणाऱ्यांनी म्हणूनच आदल्या वर्षीचं बी जपून लावताना विचार करावा. शेजारी शोभेचा किंवा रानटी भोपळा असेल तर परागीकरणात कडूपणा पुढच्या पिढीत उतरू शकतो. पास्त्यात धोका रसापेक्षा कमी, कारण रसासारखा एका दमात तो पोटात जात नाही. पण तिखट, आंबट सॉसमध्ये कडवटपणा झाकला जातो, म्हणून चाखायचं ते कापतानाच.

पट्ट्या जमल्या तरी अर्धं काम सॉसचं असतं. पास्ता शिजताना त्याचं पिष्ट पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी पळीभर सॉसमध्ये घातलं की सॉस पास्त्याला धरून राहतो. दुधी-झुकिनीत हे पिष्ट नाही. त्यामुळे व्हिडिओतला पातळ टोमॅटो सॉस पट्टीवरून घसरतो आणि ताटाच्या तळाशी जमतो. उपाय दोन. पहिला, निम्मा खरा पास्ता ठेवलात तर त्याचं पाणी तुमच्याकडे आहेच, पाव वाटी वापरा. दुसरा, सॉस असा करा की उरलंसुरलं पाणी तोच शोषून घेईल. यासाठी आपल्या फडताळात उत्तम वस्तू आहेत: दाण्याचं कूट, डाळ्याचं पीठ, तीळकूट, चक्का, शिजलेली मसूर. मैदा-कॉर्नफ्लोअरकडे जायची गरजच पडत नाही.

मसुराचा सॉस मी सगळ्यात जास्त करते. चौघांसाठी १२० ग्रॅम अख्खे मसूर, म्हणजे पाऊण वाटीच्या आसपास, भिजवून बोटचेपे शिजवा, लगदा नको. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो किसून घ्या. दोन चमचे तेलात भरपूर लसूण आणि एक कांदा बारीक चिरून लाल होईस्तोवर परता, त्यात टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत आटवा. इथे घाई केली की पुढे पाणी सुटलंच म्हणून समजा. चमचा ओढला की कढईचा तळ दिसला पाहिजे. मग मसूर, लाल तिखट, थोडी मिरपूड, ओवा चुरडून. सुका ओरेगॅनो नसला तर ओव्याने काम छान होतं, थायमॉल हे वासाचं द्रव्य दोघांतही असतं. माणशी ३० ग्रॅम मसुरातून सात-एक ग्रॅम प्रथिनं मिळतात, ४० ग्रॅम पास्त्यातून पाच, आणि वर ४० ग्रॅम पनीर कुस्करलंत तर आणखी सात. म्हणजे जवळजवळ १९-२० ग्रॅम, रात्रीच्या जेवणाला पुरेसं.

वेळ नसेल त्या दिवशी दाण्याचा सॉस. चार चमचे कूट, दोन हिरव्या मिरच्या, चार-पाच लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर आणि मीठ पाटावरवंट्यावर किंवा मिक्सरमध्ये भरड वाटायचं, लिंबू पिळून गरम पट्ट्यांना चोळायचं. हा दुधीवर विशेष लागतो. कुटात तेल असतं, वरून तेल नको.

मासे खाणाऱ्या घरांना तर दुधी आणि कोलंबी नव्याने सांगायलाच नको. कोळी-आगरी घरांत कोलंबी घातलेला दुधी होतो, सीकेपींकडे सोडे पडतात. ही जोडी आधीपासून जमलेली आहे, फक्त रस्सा काढून घ्यायचा. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून मध्यम कोलंबी आणा, साफ करा, मधला काळा धागा काढा, हळद-मीठ-लिंबू लावून दहा मिनिटं ठेवा. तापल्या तेलात भरपूर लसूण, सुकी मिरची, कोलंबी दोन-तीन मिनिटं, रंग पालटून ती वळली की बाहेर. जास्त ठेवली तर रबरासारखी होते. त्याच कढईत दुधीच्या पट्ट्या परता म्हणजे कोलंबीचा रस त्यांना लागतो, मग शिजलेला पास्ता, कोलंबी परत आत, वरून कोथिंबीर. १०० ग्रॅम कोलंबीत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. चीज न घालताही हे ताट पूर्ण होतं, आणि माझ्या मते यावर चीज घालूच नये.

लाल भोपळ्याचं काम वेगळं आहे. त्याच्या पट्ट्या करता येतात, पण तो लवकर फुटतो. करायच्याच असतील तर सॉस आंबट ठेवा. आंबटपणात भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून टोमॅटोत किंवा चिंचेत शिजलेला भोपळा आकार धरून राहतो. पण खरं सांगू? भोपळा पट्टीपेक्षा सॉस म्हणून कितीतरी चांगला. मुलांना पांढरा सॉस आणि चीज हवं असतं ना, त्याला हा पर्याय आहे, आणि मुलं तो मनापासून खातात. अर्धा किलो भोपळ्याच्या फोडी कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता, दोन शिट्ट्या वाफवा. पाण्यात उकडल्या तर सॉस पातळ होणार. गार झाल्यावर आठ-दहा भिजवलेले काजू, तेलात लाल केलेला लसूण आणि अर्धी वाटी दूध घालून गुळगुळीत वाटा. कढईत ओतून उकळी आणा, मिरपूड, जायफळ किसून किंचित, मीठ. रंग चीज-सॉसचाच येतो. वरून एखादा चीज क्यूब किसलात तर हरकत नाही, आधी जिथे पाच क्यूब पडत होते तिथे एकावर भागतं. भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन शरीरात शोषलं जायला थोडी स्निग्धता लागते, ती काजू आणि तेलातून मिळते, म्हणून तेल पूर्ण काढू नका. हा सॉस गव्हाच्या पास्त्यावर घाला, दुधीच्या पट्ट्यांवर नको. मऊवर मऊ खायला मजा येत नाही.

भोपळा घेताना कापलेली फोड घ्याल तर गर गडद केशरी आणि कोरडा असावा. कडेला पाणी सुटलेली फोड शिळी असते.

स्पॅगेटी स्क्वॉश झुकिनीच्याच जातीचा, कुकुरबिटा पेपो. शिजल्यावर काट्याने खरवडला की त्याचा गर आपोआप शेवयांसारखा सुटतो, म्हणून तो व्हिडिओत इतका दिसतो. अमेरिकेत तो हिवाळ्याच्या तोंडावर दुकानोदुकानी असतो. आपल्या बाजारात नियमित येत नाही, त्यासाठी वाशीला खास खेप करू नका. कोणी बी आणून लावलं किंवा एखादा हाती लागला तर एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यातले धागे फळाच्या पोटाभोवती गोल फिरतात. उभा चिरला तर ते तुटतात आणि आखूड निघतात, आडव्या चकत्या केल्या तर लांब राहतात. बिया काढून, तेल लावून २०० अंशांवर ३५-४० मिनिटं भाजा. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये २७ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम कर्बोदकं. लाल भोपळ्याचे असे धागे निघत नाहीत, तो भाजून खरवडलात तर भरीतच होईल.

आता मिस्टरांच्या गोळ्यांबद्दल, आणि हे जेवणापेक्षा महत्त्वाचं आहे. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर कर्बोदकं कमी केल्याने साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन असेल तर ती औषधं रोजच्या जेवणाच्या हिशोबाने दिलेली असतात. रात्री अचानक पास्ता शून्य आणि नुसती झुकिनी केली तर साखर कमी होऊन घाम, थरथर, गोंधळणं असं होऊ शकतं. म्हणून त्यांच्या ताटातून पास्ता पूर्ण काढू नका आणि बदल करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर भोपळ्याचं प्रमाणही विचारून घ्या, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

घरी ग्लुकोमीटर असेल तर माझ्या सांगण्यावर विसंबू नका, मोजा. एका शनिवारी नेहमीचा पास्ता, पुढच्या शनिवारी निम्मं-निम्मं ताट, दोन्ही वेळी पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघा. मधुमेहात जेवणानंतरची साखर १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य असतं, पण त्यांच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच खरी. आणखी एक सोपी गोष्ट म्हणजे क्रम. आधी थोडी परतलेली भाजी आणि मसूर किंवा कोलंबी खायची, पास्ता शेवटी. तेच ताट, पण साखर हळू चढते. आकडा डोळ्यांसमोर आला की माणूस स्वतःच प्रमाण सांभाळतो, बायकोला पहारा द्यावा लागत नाही.

तुमच्या घरात सासू-सासरे असतील आणि त्यांना हे विलायती प्रकार नको असतील, तर त्यांच्यासाठी चकोल्या करा. कणकेच्या फळांना डाळीच्या वरणात शिजवायचं, त्यातच कोवळ्या दुधीच्या फोडी टाकायच्या. धान्य, डाळ, भाजी एकाच पातेल्यात. पोषणाच्या दृष्टीने मी ज्या ताटाबद्दल इतका वेळ बोलते आहे ते हेच आहे, फक्त फळं मोजून घाला आणि डाळ-दुधी सढळ हाताने.

सोमवारच्या डब्यासाठी उरलं तर चालेल का, असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून सांगून ठेवते. दुधी-झुकिनी मिसळलेला पास्ता दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो, तो डब्यात देऊ नका. सॉस आणि शिजवलेला पास्ता वेगवेगळे, शिजल्यावर फार वेळ बाहेर न ठेवता झाकून फ्रिजमध्ये ठेवा, गार होऊन पुन्हा गरम केलेल्या पास्त्यातलं थोडं पिष्ट आणखी सावकाश पचतं, मधुमेहात ते चांगलंच. कोलंबी घातलेलं मात्र त्याच रात्री संपवा. भोपळ्याचा सॉस दोन दिवस छान टिकतो. सकाळी तो दणदणीत गरम करा, पास्ता त्यात टाका, वर वाफवलेले मटार किंवा उकडलेलं अंडं कापून घाला. मसुराचा सॉस उरला तर पास्त्याची वाट बघू नका, पोळीवर पसरून गुंडाळी करा, मुलं डबा रिकामा आणतात.